पुडीत काय आहे, हे सिव्हिलमध्येच कळायला हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरात किंवा निपाणी, खानापूर भागात अमली पदार्थ पकडल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. त्यांत मालाचे वजन असते, किंमत असते, अटक झालेल्यांची संख्या असते. परंतु त्या भुकटीत प्रत्यक्षात काय काय होते, हे पुढे सहसा वाचायला मिळत नाही. जप्त मालाचा नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि तिचा अहवाल न्यायालयासाठी असतो, हे रीतसरच आहे. पण त्याच मालातली दुसरी पुडी ज्याने ओढली, त्याला आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्या अहवालाचा काहीच उपयोग होत नाही.

हे मी ऐकीव लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात ओळखीतल्या एका घरचा मुलगा मध्यरात्री निपचित पडलेला आढळला. श्वास मिनिटाला पाच-सहा, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. रुग्णालयात नॅलोक्सोनचे, म्हणजे अफूवर्गीय नशेवरच्या उताऱ्याचे, इंजेक्शन मिळाले आणि तो वाचला. मात्र एका इंजेक्शनाने भागले नाही, तासाभरात पुन्हा द्यावे लागले. नेमके काय घेतले, असे डॉक्टर विचारत होते. मुलाच्या भावाला उशीखाली अर्धी पुडी सापडली होती, पण पोलिसांच्या भीतीने त्याने ती वाटेतच गटारात टाकली होती.

मी बेळगावच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. हातात मावणाऱ्या रामन वर्णपटमापकाचे प्रात्यक्षिक मी निवृत्तीपूर्वी पाहिले होते. यंत्रातला लेसर किरण पदार्थावर पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशातील सूक्ष्म बदलांवरून तो पदार्थ ओळखला जातो. हा परिणाम सर सी. व्ही. रामन यांनी 1928 साली कोलकात्यात शोधला आणि 1933 पासून ते आपल्याच राज्यात, बेंगळूरला, येऊन राहिले. विक्रेत्याने पॅरासिटामॉलची गोळी प्लॅस्टिकच्या पिशवीतून, पिशवी न उघडता, मिनिटभरात ओळखून दाखवली. मग मी खोडसाळपणे गुळाची भुकटी पुढे केली. पडद्यावरच्या आलेखात पदार्थाची ओळख सांगणारे एकही शिखर दिसेना. यळ्ळूरच्या गडाचा असावा तसा नुसता एक मोठा उतार उमटला. तपकिरी पदार्थ लेसरखाली स्वतःच चमकतात आणि त्या चमकेत खरी खूण बुडून जाते. ब्राऊन शुगरचा, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनचा, रंग कोणता, हे वाचकांना सांगायला नको.

अवरक्त किरणांवर चालणाऱ्या यंत्राला ही अडचण तितकीशी येत नाही; कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये 2017 पासून वापरणाऱ्यांनी आणलेले नमुने अशा यंत्रावर तपासले जात आहेत. पण त्यालाही साधारण पाच टक्क्यांहून कमी असलेला घटक नीट दिसत नाही. फेंटानिल हे अफूसारखी नशा आणणारे कृत्रिम वेदनाशामक मॉर्फिनपेक्षा पन्नास ते शंभर पट तीव्र असून सवय नसलेल्या माणसाला त्याचे दोन मिलिग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात. शंभर मिलिग्रॅमच्या पुडीत दोन मिलिग्रॅम म्हणजे दोन टक्के. म्हणजे जीव घेण्यास पुरेसे विष पुडीत असूनही यंत्र ते दाखवणार नाही. म्हणून यंत्राच्या जोडीला चाचणीपट्टी लागतेच. ती पाण्यातल्या द्रावणात बुडवायची असते, अत्यल्प अंशही पकडते आणि यंत्राच्या तुलनेत अगदी स्वस्त असते. फक्त तिची भाषा उलटी आहे: गर्भचाचणीत दोन रेघा म्हणजे 'आहे', फेंटानिलच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे 'नाही'. हे न समजावता पट्टी हातात देणे धोक्याचे आहे. शिवाय नायटाझीन या गटातील पदार्थ, ज्यांतले काही फेंटानिललाही मागे टाकतात, या पट्टीला कळत नाहीत. त्यांची पट्टी वेगळी. आणि पुडीतला माल एकजीव नसतो. चिवड्याच्या एका मुठीत पाच शेंगदाणे येतात आणि दुसरीत एकही येत नाही, तशी गत. त्यामुळे 'सापडले नाही' याचा अर्थ 'सुरक्षित आहे' असा कोणीही सांगू नये.

आपल्या भागात फेंटानिल पसरले आहे, असा माझा दावा नाही. आपल्याकडचा ओळखीचा धोका गोळ्यांचा आहे. ट्रामाडॉल हे वेदनाशामक 2018 साली अमली पदार्थ कायद्याखाली आले. टॅपेंटाडॉल हे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध यांच्या मिश्र गोळ्यांचे उत्पादन व निर्यात केंद्र सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवली. अशा गोळ्यांत मुख्य औषधाचे प्रमाण भरपूर असते, त्यामुळे रामन यंत्रही त्या बऱ्यापैकी ओळखू शकते. गुळाच्या अनुभवानंतरही मी यंत्राची मागणी करतो आहे, ती या कारणाने.

माझी मागणी मोठी नाही. जिल्हा रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात एक यंत्र, दोन्ही प्रकारच्या पट्ट्या आणि वर्णपट वाचता येणारा एक प्रशिक्षित माणूस असावा. रसायनशास्त्राचे पदवीधर या शहरात कमी नाहीत. धोकादायक काही आढळल्यास त्याच दिवशी कोल्हापूर आणि गोव्याच्या आरोग्य विभागांना कळवावे, कारण कोगनोळीचा नाका किंवा चोर्ल्याचा घाट मालाला आडवा येत नाही. 108 रुग्णवाहिकांत नॅलोक्सोन असावे.

खरी अडचण पैशाची नसून कायद्याची आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम 64-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते, परंतु पुडी घेऊन आलेल्या भावाला किंवा ती तपासणाऱ्या तंत्रज्ञाला देत नाही. काही मिलिग्रॅमचा नमुना स्वीकारून, तपासून नष्ट करण्याची लेखी मुभा शासनाने रुग्णालयातल्या या तपासणी केंद्राला दिल्याशिवाय यंत्र धूळ खात पडेल. आणि ती मुभा मिळाली, तर नमुने घेण्याच्या खिडकीवरचा फलक कन्नडबरोबर मराठीत आणि उर्दूतही लावावा. 'नाव विचारले जाणार नाही' हे वाक्य ज्याला वाचता येत नाही, तो रात्री पुडी घेऊन त्या खिडकीपाशी थांबणार नाही.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
टिळकवाडी, बेळगाव