आता नीट बघा, असं म्हणू नकोस

लालबाग, मुंबई

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाण्याच्या जादूचा व्हिडिओ पाहिला. बोटं चांगली चालतायत, तरी चाळीच्या गणपतीत प्रयोग करताना पकडला जाशील. नाणं उजव्या हातातून डाव्यात 'गेलं' की तुझी नजर उजव्याकडेच राहते, म्हणजे जिथे लपवलंय तिथेच! लोक जादूगाराचे हात बघत नाहीत रे, त्याचे डोळे जिकडे जातात तिकडे बघतात.

आठवडाभर हातचलाखी बंद ठेव. नाणं खरोखर डाव्या हातात दे आणि मोबाइलवर शूटिंग कर. कोपर किती वळतं, मूठ किती सैल राहते, रिकामा झालेला उजवा हात कुठे जातो, हे सगळं टिपून घे. मग खोटं देताना हुबेहूब तेच कर. आरशावर विसंबू नकोस. आरशासमोर ऐन वेळी पापणी मिटते आणि आपण स्वतःलाच फसवतो.

नाणं लपवलं की तुझा उजवा हात लाकडासारखा होतो. त्याला काहीतरी काम दे, म्हणजे पेन उचल, बाही सावर. बसमध्ये मी तिकीट फाडताना बोटांकडे कधी पाहिलं नाही. नजर पॅसेंजरवर, तोंडात 'पुढे चला', आणि तिकीट पंच होऊन त्याच्या हातात. तेवढा हात बसायला हवा. नाणंही बदल. पुस्तकातले प्रयोग बहुतेक अमेरिकेच्या हाफ डॉलरवर बेतलेले असतात, ते ३०.६ मिलिमीटरचं. आपलं दहाचं २७ चं आहे, ते तळव्यात बऱ्यापैकी धरलं जातं. रुपया-दोन रुपयाच्या नादी लागू नकोस.

आता बोलणं. 'हे साधं नाणं आहे, तपासून बघा' कशाला? तू म्हणेपर्यंत कुणाच्या मनातही नव्हतं. आणि 'आता नीट बघा' म्हणून त्याच क्षणी हात हलवतोस, हे तर कहरच! आधी पोरांना हसव. हसताना माणूस सैल पडतो, तेव्हा काम उरकून घे. पुढे काय होणार तेही आधी सांगू नकोस.

'वन्स मोअर' झालं तरी तोच प्रयोग पुन्हा नाही. कुठलीही जादू तीनदा दाखवा, मी ओळखतो, असा प्रसिद्ध जादूगार हूदिनीचा दावा होता. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या जादूगारानं त्याला पत्त्यांचा एकच प्रयोग पुन्हा पुन्हा दाखवला आणि हूदिनीला तो उलगडला नाही. पण तो व्हर्नन होता. तू पुढचा प्रयोग काढ.

चाळीची अडचण वेगळीच आहे. पोरं सतरंजीवर बसणार, म्हणजे खालून बघणार. गॅलरीतली मंडळी कठड्यावरून वाकून वरून बघणार. जिन्यावरचे पाठीमागून. नाणं छातीशी धर, तळवा स्वतःकडे ठेव, आणि मंडपाचा मागचा पडदा पाठीला राहील असा उभा राहा. वरून कितपत दिसतं हे इथे आल्याशिवाय कळणार नाही. म्हणून चतुर्थीच्या दोन दिवस आधीच ये. सकाळी लवकर तू चौकात प्रयोग कर, मी एकेका मजल्यावरून बघतो. आईला सांगतो पहिल्या मजल्यावर उभी राहायला, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

तुझा,
बाबा