आई-बाबा, यंदा लंडन आणि तेही सावकाश

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई खर्चाचे बोलू लागते आणि बाबा गप्प होतात, म्हणून सगळे नीट लिहूनच कळवीत आहे. तुमची मुंबई ते लंडन विमानाची तिकिटे मी काल काढली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडे बर्मिंगहॅमला याल, आठवडाभर घरी विश्रांती घ्याल आणि मग आपण चौघे चार दिवसांसाठी लंडनला जाऊ. या खेपेला एवढेच.

बाबा, तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी ज्या दहा देशांच्या बस-सहलीला निघाली आहेत, तिच्यात तुमचे मन गुंतले होते, हे मला ठाऊक आहे. ते पत्रक दादाने मला पाठवले होते आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचले. रोज पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, न्याहारी उरकून बसमध्ये बसायचे, दुपारी कुठल्या तरी चौकात उतरून छायाचित्र काढायचे आणि रात्री नव्या गावातल्या नव्या पलंगावर झोपायचे. ज्यांना ते झेपते त्यांनी ते आनंदाने करावे. तुम्हाला झेपणार नाही असेही मी म्हणत नाही. पण अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी दगदग टाळा असे सांगितले आहे, आईच्या डाव्या गुडघ्याचे तुम्ही जाणताच, आणि पन्नास माणसांच्या ताफ्यात ‘जरा थांबा’ असे म्हणण्याचा तुम्हा दोघांचाही स्वभाव नाही. तुम्ही दुखणे सोसत चालत राहाल आणि घरी आल्यावरच सांगाल. शिवाय युरोपातल्या त्या देशांचा व्हिसा वेगळा आणि ब्रिटनचा वेगळा, म्हणजे कागदपत्रांची धावपळ दुप्पट. एकच शहर, आपल्या वेळेने आणि आपल्या माणसांबरोबर पाहावे, असे मला मनापासून वाटले. आयफेल टॉवर कुठे जात नाही, बाबा. तुमची तब्येत अशीच राहिली तर पुढच्या वर्षी लंडनहून रेल्वेने पॅरिसला जाता येईल.

राहण्याची जागा मी फार विचार करून घेतली आहे. लंडनमधली पुष्कळ स्वस्त हॉटेले जुन्या, अरुंद घरांत आहेत आणि त्यांत लिफ्ट नसते, म्हणून यूस्टन स्थानकाजवळ नव्या इमारतीतले, लिफ्ट असलेले छोटे घर चार दिवसांसाठी घेतले. बर्मिंगहॅमची गाडी तिथेच येते, त्यामुळे सामान ओढत फिरावे लागणार नाही. स्वयंपाकघर आहे, म्हणजे बाबांना पहाटे पाच वाजताचा चहा मिळेल आणि आईला वरणभाताचा कुकर लावता येईल. पलंग उंच आहेत, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे. तिथे तांब्या नसतो म्हणून आपला घरून नेणार आहे. जवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय खानावळी आहेत, त्यामुळे एखाद्या संध्याकाळी आईने चुलीपाशी उभे राहायचे नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

फिरायचे ते बसने. भुयारी रेल्वेचा मोह बाबांना होईल, कारण १८६३ साली सुरू झालेली जगातली पहिली भुयारी रेल्वे ती हीच. पण तिच्या अनेक जुन्या स्थानकांत लिफ्ट नाही आणि जिने बरेच आहेत. म्हणून २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गावरून, जिथे रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने जाता येते, एक फेरी नक्की करू. एरवी लाल दुमजली बस चांगली: दारातून पाऊल सरळ आत पडते आणि वयस्कर माणसांसाठी पुढे जागा राखलेल्या असतात. वरच्या मजल्यावरून शहर छान दिसते. तरीही चालत्या बसमध्ये जिना चढायचा नाही, बाबा.

आता जे मला सगळ्यात जास्त दाखवायचे आहे ते सांगते. मी पाचवीत असताना तुम्ही मोसंब्यावर दोरे बांधून रेखावृत्ते शिकवली होतीत. एका अंशाला चार मिनिटे, मग मिर्झापूरजवळून जाणाऱ्या आपल्या साडेब्याऐंशी अंशांना किती, असे विचारले होतेत, आणि माझे उत्तर साडेपाच तास आल्यावर ते मोसंबे सोलून मला दिले होतेत. इतकी वर्षे शाळेत तुम्ही ज्या शून्य अंशाविषयी शिकवलेत, ते ग्रिनिचला प्रत्यक्ष पाहता येते. तिथली वेधशाळा १६७५ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने स्थापन केली आणि १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत तिथून जाणारे रेखावृत्त मूळ रेखावृत्त म्हणून मान्य झाले. वेधशाळेच्या अंगणात त्याची रेघ आखलेली आहे. एक पाय पूर्व गोलार्धात आणि एक पश्चिम गोलार्धात ठेवून तुम्ही उभे आहात, असे छायाचित्र मला हवे आहे. आपल्या घड्याळांत तेव्हा साडेचारच तासांचा फरक दिसेल, कारण उन्हाळ्यात इथली घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. आईला हे तुम्हीच समजावून सांगा.

ग्रिनिचला वेस्टमिन्स्टरहून बोटीने जाऊ. तासाभराच्या त्या प्रवासात संसद भवन, सेंट पॉलचा घुमट आणि १८९४ सालचा टॉवर ब्रिज बसल्या जागेवरून दिसतात, म्हणजे आईचे निम्मे लंडन पाय न दुखवता पाहून होईल. वेधशाळा टेकडीवर आहे. धक्क्याकडून चढ आहे, पण ब्लॅकहीथच्या बाजूचा रस्ता सपाट आहे, म्हणून तिथपर्यंत टॅक्सीने जाऊ.

प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी जायचे बाबांनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहत असत, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन तिथे स्मारक केले. ते कोणत्या वारी उघडे असते ते बघून ठेवते. तिथून लॉर्ड्स फार लांब नाही. १९८३ चा अंतिम सामना तुम्ही ज्या रेडिओवर ऐकलात तो अजून माळ्यावर आहे ना? सामना नसेल त्या दिवशी मैदान आतून दाखवतात, आणि वेंगसरकरांनी जिथे १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तिन्ही दौऱ्यांत शतके केली, ते मैदान बाबांनी पाहिलेच पाहिजे. ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र दोनच तास. आईला अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे दाखवून बाहेर पडू. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली तेव्हा तुम्ही ती पाहिलीत, म्हणून ते संग्रहालय सोडले आहे. कोहिनूरसाठी टॉवर ऑफ लंडनला जायचे की नाही, ते शेवटच्या दिवशी पाय कसे आहेत ते पाहून ठरवू. आईने ‘नको’ म्हटले तर नको.

आता काही गोष्टी माझ्या शब्दाखातर कराव्यात. व्हिसाचे अर्ज दादा ऑनलाइन भरेल. बोटांचे ठसे द्यायला मात्र पुण्याला तुम्हालाच जावे लागेल. निर्णय यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून पेन्शनचे आणि बँकेचे कागद याच आठवड्यात त्याच्याकडे द्या. विम्याच्या अर्जात बाबांची अँजिओप्लास्टी, रक्तदाब आणि आईची साखर, काही म्हणजे काही लपवायचे नाही, कारण इथे परदेशी पाहुण्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर खर्च स्वतः भरावा लागतो. सगळी औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. आईचे इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत मुळीच टाकू नका, ते तिथे गोठू शकते. विमानात दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चाला. विमानतळावर आईसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. आई, संकोच करू नकोस. हीथ्रोवर चालणे पुष्कळ आहे आणि रांगाही मोठ्या असतात, म्हणून धडधाकट माणसेही ती घेतात.

यंदा अधिक महिना आहे आणि जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची तुझी घाई मला इथून दिसते. अनारशांचे पीठ जरूर आण, तळायला तूप इथे मिळते. तूप, पेढे, खवा आणि कढीपत्ता मात्र आणू नकोस, ते आणायला इथे बंदी आहे. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आणलीस तर मला फार आनंद होईल. जूनमध्येही संध्याकाळी गार वारा असतो, म्हणून दोघांचे स्वेटर हाताशी ठेव आणि बाबांची कानटोपीसुद्धा.

खर्चाविषयी पुन्हा विचारू नका. माझ्या शिक्षणासाठी तुम्ही प्लॉट विकलात, तेव्हा मला कोणी हिशेब सांगितला नव्हता. बाबांच्या तपासणीची तारीख मिळाली की दादाकरवी नव्हे, तुम्ही स्वतः फोन करून कळवा.

तुमची,
मनू