उताराच्या भाटाला गवताचे मशीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचकांच्या पत्रांत परवा एका गृहस्थांनी विचारले होते, की घरामागचा उतार साफ करायला हल्ली माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी झेपत नाही, तेव्हा कमी पैशांत गवत कापायचे मशीन कुठले घ्यावे? त्यावर जी उत्तरे छापून आली, त्यांत चाकांच्या लॉन मोवरची शिफारस होती. ती वाचून राहवले नाही.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात छोट्या इंजिनांची दुरुस्ती करतो. पूर्वी खाणीवरच्या टिपरांची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांची, कामे करायचो. २०१२ साली खाणी बंद पडल्या, टिपर दारादारांत उभे राहून गंजले, तेव्हा पाण्याचे पंप, फवारणीची आणि गवताची मशीने हाती घेतली. नाव छापू नये ही विनंती. मशीन विकणारे माझ्याकडे येतात, घेऊन पस्तावलेलेही येतात आणि मला दोघेही हवेत.

गिऱ्हाईक येते ते “किती सीसीचे घेऊ?” असे विचारत. मी विचारतो, जागा किती कलती आहे? याचे उत्तर बहुतेकांकडे नसते. आमच्याकडे घर बांधायचे म्हणजे आधी डोंगर कापायचा. पुढे तुळशीपाशी चार हात अंगण, मागे चिऱ्याची उभी दरड, तिच्यावर मेरा, म्हणजे बांध, घालून लावलेले माड, त्याच्या वर काजू आणि सगळ्यात वर रानमोडीचे तण. एकाच भाटात, म्हणजे बागायतीत, तीन तऱ्हेचे उतार. सगळ्याला मिळून एक मशीन हवे असते, आणि तेही दहा हजारांत.

उतार मोजायला इंजिनियर नको. दहा फुटांचा सरळ पाइप घ्या. एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, गवंड्याची लेव्हल ठेवून पाइप आडवा धरा, आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमीन किती लांब आहे ते टेपने बघा. ते अंतर दोन फूट आठ इंच भरले, की तुमचा उतार साधारण १५ अंशांचा. त्याहून जास्त भरले, तर चाकांचे मशीन मनातून काढून टाका. बसून चालवायच्या मोवरला बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत १५ अंशांचीच मर्यादा घालतात. ढकलायच्या मोवरला काही जण थोडी सवलत देतात, पण ती कोरड्या, एकसारख्या हिरवळीवर. आमच्याकडे जुलैत कोरडे काय असते?

यामागचे कारण मशीनच्या पोटात आहे. चाकांच्या पेट्रोल मोवरचे इंजिन सहसा फोर-स्ट्रोक. त्याचे ऑइल खाली टाकीत साठलेले असते आणि आतला एक छोटा चमचा किंवा चक्र ते उडवून भागांवर शिंपडत राहते. मशीन कलते धरून चालवले, की ऑइल एका कुशीला जाते. चमच्याला ऑइल मिळत नाही, वरचे भाग कोरडे घासतात, आणि कल दुसऱ्या बाजूचा असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये शिरते. गिऱ्हाईक सांगते, “पांढरा धूर मारतो, प्लग ओला होतो.” मशीन नवे असते आणि दोष कंपनीला दिला जातो. वास्तविक त्या इंजिनाला कोणी उतारावर न्यायला सांगितलेलेच नसते. याच कारणाने खालचे पाते धुवायला मशीन आडवे करताना आधी प्लगची वायर काढावी आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी. दुकानात हे फार कमी जण सांगतात.

आणि माणसाचे काय? ढकलायचा मोवर उतारावर आडवा चालवायचा, वर-खाली नाही. वर चढवताना पाय घसरला तर मशीन अंगावर येते. खाली उतरवताना तोल गेला तर पाय पात्याखाली जातो. बसून चालवायच्या मशीनचे बरोबर उलटे: ते वर-खालीच न्यायचे, आडवे नेले तर कलंडते. पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असलेला मोवर चढावर निकामी ठरतो, कारण वजन मागे सरकते आणि पुढची चाके नुसती फिरत राहतात. घ्यायचाच असेल तर मागच्या चाकांना ओढ असलेला आणि मागची चाके मोठी असलेला घ्यावा. तो महाग पडतो आणि जडही असतो. मेरेवरून मेरेवर उचलून न्यायला दोन माणसे लागतात. माणूस मिळत नाही म्हणून मशीन घेतले, आणि ते उचलायला पुन्हा माणूस शोधायचा!

खरे तर या यंत्राची जातच सपाट जमिनीची. १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग याने त्याचे पेटंट घेतले. कापड गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे मशीन त्याने पाहिले होते, त्यावरून त्याला हे सुचले. म्हणजे मुळात कापडासारखी जमीन धरूनच बनवलेली वस्तू. आपल्या चिऱ्याच्या दगडी उताराने तिचे पाते बोथट केले, तर बडिंगला बोल लावता येणार नाही. नायलॉनच्या तारेने गवत कापायची कल्पना मात्र आमच्या धंद्याच्या जवळची. १९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलासला ती गाडी धुवायच्या यंत्राचे फिरते ब्रश बघून सुचली. उतारावर जे चालते ते हेच: खांद्याला पट्टा, लांब दांडा, टोकाला तार किंवा पाते. आम्ही त्याला ग्रास कटर म्हणतो, कंपन्या ब्रश कटर म्हणतात. चाके नाहीत, म्हणून घसरायचे तेवढे माणसानेच.

यात टू-स्ट्रोक घ्यायचे की फोर-स्ट्रोक, हा खरा प्रश्न. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातच मिसळलेले असते, त्यामुळे मशीन कसेही तिरके धरा, ऑइल पोचते. हलके, स्वस्त, आवाज मात्र गावभर. माझ्या टेबलावर येणाऱ्या जाम झालेल्या पिस्टनांपैकी बहुतेक टू-स्ट्रोकचे, आणि कारण एकच: कोणीतरी साधे पेट्रोल भरले. घरातला पुतण्या, शेजारी, नाहीतर ज्याला मशीन उसने दिले तो. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. कॅनवर खडूने नको, पेंटने लिहा. “अंदाजाने थोडे जास्त टाकतो” म्हणणाऱ्यांचा प्लग काळा होतो आणि सायलेन्सर तुंबतो, तेवढेच. अजिबात न टाकणाऱ्यांचे इंजिनच जाते.

फोर-स्ट्रोक ब्रश कटरची गोष्ट मोवरहून वेगळी. चांगल्या कंपन्यांच्या ३५ सीसीच्या छोट्या इंजिनांत ऑइल वाफेसारखे करून सगळीकडे फिरवले जाते, म्हणून ती कुठल्याही कोनात चालतात. पेट्रोल कमी पितात, धूर नाही. पण आत ऑइल असते जेमतेम १०० मिली. ते बघितलेच नाही तर संपते. ज्यांना दर वेळी झाकण उघडून बघायचा कंटाळा, त्यांनी टू-स्ट्रोकच घ्यावे.

आता पैसे. गिऱ्हाइके जी बिले दाखवतात त्यांवरून सांगतो. बिगर नावाचे ४३ किंवा ५२ सीसीचे टू-स्ट्रोक आठ ते बारा हजारांत येते. नामांकित कंपनीचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. चांगला पेट्रोल मोवर त्याहून वर. स्वस्तातल्या मशीनला सगळेच नाक मुरडतात, मी मुरडत नाही. या ४३-५२ सीसीच्या इंजिनांचा साचा जवळजवळ सारखाच, म्हणून कार्बोरेटर, क्लच, दोरीचा स्टार्टर एकाचे दुसऱ्याला बसते आणि शे-दोनशे ते हजार रुपयांत काम होते. त्याचे बेअरिंग आणि गिअरचे डोके मात्र कच्चे असते, त्यात ग्रीस वेळेवर भरावे लागते. वर्षातून दोनदा अर्धे भाट कापणाऱ्याला ते पुरते. दर आठवड्याला कुळागरात (सुपारीच्या बागेत) उतरणाऱ्याने पैसे साठवून चांगले घ्यावे. आणि ज्याची जागा पाचशे चौरस मीटरांच्या आत आहे आणि चतुर्थीच्या आधी एकदाच कापायची आहे, त्याने मशीन घेऊच नये. मशीनवाला माणूस दिवसाच्या भाड्याने बोलवावा. वर्षाचे अकरा महिने खोलीत पडून गंजणारे मशीन त्याहून महाग.

दहा हजारांत बजेट बसवताना लोक नेमक्या नको त्या ठिकाणी कात्री लावतात. दोन्ही खांद्यांचा पट्टा, डोळ्यांचा चष्मा, गमबूट आणि पात्यामागचे प्लॅस्टिकचे कवच यांत काटकसर करू नका. कवच गवत गुंतते म्हणून काढून टाकलेले असते, आणि मग खडा उडून गाडीची काच जाते. काच गेली तर नशीब म्हणा. पुस्तिकेत पंधरा मीटरच्या आत कोणी नको असे लिहिलेले असते, आणि आमच्याकडे पोरे बघायला गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसतात. लोखंडी पाते रानमोडीच्या जाड देठांना लावा. गडग्याजवळ, दगडांत आणि माडांच्या बुंध्याशी तारच लावा. पात्याचा पुढचा उजवा कोपरा दगडाला लागला, की दांडा झटका देऊन बाजूला फेकला जातो. उतारावर उभ्या माणसाला तो झटका सावरता येत नाही. गमबूट फुरशासारख्या सापासाठीही लागतात, हे उत्तर गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको.

बॅटरीवरच्या मशीनबद्दल थोडक्यात: अंगणाला आणि छोट्या उताराला उत्तम, ऑइलची भानगड नाही, पण पावसात चालवायचे नाही, आणि दुसरी बॅटरी घ्यायला गेलात की किंमत कळते. वायरच्या विजेवरचे ओल्या गवतात नको. घ्यायचेच असेल तर आधी घरात ३० मिलीअँपिअरचा ट्रिप स्विच बसवून घ्या.

ज्यांच्याकडे कृषी खात्याचे कृषी कार्ड आहे त्यांनी मशीन घेण्याआधी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन यावे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात शेतीच्या यंत्रांना ४० ते ५० टक्के अनुदानाची तरतूद आहे, पण त्याला मर्यादा आणि अटी आहेत. कुठले मशीन यादीत बसते ते तिथेच कळेल. बिल आधी फाडून मग अर्ज करायला जाऊ नका.

एक गोष्ट कोणीच विचारत नाही: कापायचे कधी आणि किती? मशीन नवे असले की माणूस जमीन दिसेपर्यंत कापतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैत उतार बोडका केला की लाल माती थेट खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत. चार बोटे गवत ठेवावे, मुळे हलवू नयेत, आणि लोखंडी पात्याने माती खरवडू नये. वरच्या मेरेपासून सुरुवात करून खाली यावे, म्हणजे कापलेले गवत खालच्या मेरेला अडून बसते. तायकिळा आणि फागले या पावसाळी रानभाज्या कापणीआधीच तोडून घ्या, नाहीतर मशीन त्यांना ओळखत नाही. चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीला लागणाऱ्या रानातल्या वेली-फुलांचेही तेच. कांगले, हरणे, घागऱ्या पूर्वी घरामागेच मिळायच्या, आता बाजारातून आणाव्या लागतात, त्याला बांधकामांइतकीच ही सरसकट कापणीही कारण आहे असे मला वाटते. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण वाटते. काजूखालचे मात्र पाऊस संपल्यावर, बोंडू (काजूची फळे) पडायच्या आधी स्वच्छ करावेच. वाळलेले गवत राहिले तर उन्हाळ्यात एका बिडीने डोंगर जातो.

आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करा. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. महिनोन्‌महिने भरून ठेवलेल्या टाकीत पाणी खाली बसते, कार्बोरेटरचा पडदा कडक होतो आणि रबरी नळी चिरते. टाकी ओतून घ्या, इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवा. एवढे सगळ्यांनी केले तर मे महिन्यात माझ्या दाराशी जी रांग लागते ती निम्मी होईल.

शेवटी विक्रेत्यांना आणि कृषी मेळावे भरवणाऱ्यांना आपल्या दैनिकातून एक विनंती. मशीनचे प्रात्यक्षिक दुकानासमोरच्या फरशीवर किंवा मैदानावर दाखवतात. तिथे सगळीच मशीने चालतात. मेळावा भरेल त्या गावात एखादे काजूचे भाट मागून घ्यावे आणि प्रात्यक्षिक तिथल्या उतारावर, ओल्या गवतात, टाकी भरून, पट्टा लावून दाखवावे. बघायला आलेल्यांनाही दांडा हातात द्यावा. माल कुठला नेमका उपयोगाचा, ते त्यांचे खांदे पंधरा मिनिटांत सांगतील.

आपला नम्र,
एक मेकॅनिक, डिचोली तालुका