माऊस माझ्याच हातात ठेवल्याबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं नाव लिहीत नाही. जाहीर कौतुक झालं की तू खुर्चीत आक्रसून बसतोस, हे आपल्या अख्ख्या विभागाने पाहिलं आहे. वयाने तू माझ्या मुलाएवढा, पण शिकवणाऱ्याला ‘बाळा’ म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मित्रा. तू आता दुसरीकडे रुजू झालास, तेव्हा मला संगणक शिकवल्याबद्दल तुझे आभार समोरासमोर मानायचं राहूनच गेलं. आणि पत्र सगळ्यांसमोर लिहितेय ते अशासाठी, की आईला, वडिलांना, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला संगणक शिकवताना वैतागणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्याही नजरेस पडलं तर बरं.

स्प्रेडशीट, म्हणजे संगणकावरची ती रकान्यांची हिशेबवही, मी तुझ्याआधी रीतसर शिकले होते. प्रशिक्षण झालं होतं, हजेरी लागली होती, प्रमाणपत्रही मिळालं होतं. पडद्यावरचा एकेक मेनू समजावून सांगितला गेला आणि मी इमानदारीत वहीत उतरवून घेतला. तरीही जागेवर येऊन फाइल उघडली की हात थिजायचा. एक बटण चुकलं तर सगळ्यांची माहिती पुसली जाईल ही एक धास्ती. आणि ते कुणीतरी बघेल, ही त्याहून मोठी. इतकी वर्षं जिच्याकडे लोक हिशेब तपासायला येतात, तिला रकाना सरकवता येत नाही, हे उघडं पडणं मला सोसवलं नसतं. म्हणून ‘मला हे आवडतच नाही’ असं म्हणत राहायचे. न आवडण्यात निदान मान शाबूत राहतो.

तू आलास तेव्हा पहिला प्रश्न विचारलास, ‘मॅडम, कुठलं काम करताना सगळ्यात जास्त जीव नकोसा होतो?’ मी म्हटलं, दर महिन्याच्या दोन याद्या पट्टी लावून ताडून बघणं. आपण तिथूनच सुरुवात केली. मेनू, टॅब, रंगीत तक्ते वगैरे सगळं बाजूला. मला तेव्हा वाटलं, हा पोरगा पायाच गाळतोय. नंतर वाचनात आलं की फ्रेड डेव्हिस या संशोधकांनी १९८९ साली नेमकं हेच तपासलं होतं, की माणसं एखादी संगणक प्रणाली वापरायला का लागतात. वापरायला सोपी वाटते की कामाची वाटते? कामाची वाटण्याचा प्रत्यक्ष वापराशी संबंध कितीतरी घट्ट निघाला. माझं त्या दोन याद्यांवरून जुळलंच.

पण आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या प्रतीबद्दल. तू मूळ फाइलची प्रत काढलीस, तिला ‘बिघडवा’ असं नाव दिलंस आणि म्हणालास, ‘आज हिचं वाटोळं करायचं.’ मी रकाने पुसले. सूत्रांवर आकडे टाइप केले. एकच रकाना निवडून क्रमवारी लावली, तर नावं जागच्या जागी आणि रकमा भलत्यांच्याच समोर! मग तू कंट्रोल आणि झेड दाबायला सांगितलंस, आणि एकेक करत सगळं परत आलं. फाइल बंद केली की परतीची ही वाट बंद होते, म्हणून आधी प्रत, हेही तेव्हाच सांगितलंस. बेन श्नायडरमन या संगणकतज्ज्ञांनी संगणकाच्या पडद्याची रचना कशी असावी याचे जे आठ नियम सांगितले, त्यांत एक हाच आहे: केलेलं सहज मागे घेता यावं, कारण त्याने धास्ती कमी होते आणि माणूस अनोळखी गोष्टींना हात लावायला धजतो. प्रशिक्षणात हे बटणही दाखवलं होतं म्हणा. वहीत आहे, कितव्यातरी पानावर, छापायच्या सूचनांनंतर.

दुसरं म्हणजे तुझी खुर्ची. मी करायला बसले की तू ती वळवून स्वतःच्या कामाला लागायचास. सुरुवातीला मला ते तुटकपणाचं वाटलं. पण रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला मुद्दा वाचला आणि उलगडा झाला: कुणी बघत असेल तर अंगवळणी पडलेलं काम अधिक चांगलं होतं, आणि नवं, न जमणारं काम आणखी बिघडतं. गाणारा बैठकीत खुलतो, पण शिकाऊ माणसाने पहिला सूर दार लावूनच लावावा. तुला झायन्स माहीत होते असं मला वाटत नाही. तू नुसता माणसं ओळखून होतास.

आणि तो ‘#एन/ए’! एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं व्हीलुकअपचं सूत्र बरोबर, नाव दोन्ही याद्यांत डोळ्यांना दिसतंय, तरी संगणक म्हणतो सापडत नाही. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू म्हणालास, ‘मलाही कळत नाहीये, थांबा, शोधतो.’ माझ्यासमोर नेटवर शोधलंस, दोनदा भलतीकडेच गेलास, हसलास. शेवटी निघालं काय, तर नावाच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा. अशा जादा मोकळ्या जागा काढणाऱ्या ‘ट्रिम’ या सूत्राने ती गेली आणि रकाना भरला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की जाणकार माणूसही अडतो, फक्त अडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर लाज नसते. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये लिहिलं की ‘हे मला जमेल’ हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः करून जमल्याने, आपल्यासारख्याला जमताना बघून, कुणी धीर दिल्याने आणि छातीतली धडधड शांत झाल्याने. यांत स्वतः करून जमण्याचा वाटा त्यांनी सगळ्यात मोठा मानला. तू धीर देण्यात फारसा वेळ घालवला नाहीस, ‘वा, किती हुशार’ असं तर चुकूनही म्हणाला नाहीस. जमलं की ‘हं, आता पुढची यादी’ एवढंच. त्या वेळी थोडं लागायचं मनाला, खोटं कशाला बोलू.

‘अहो, सोपं आहे’ असंही तू कधी म्हणाला नाहीस, याची मी विशेष नोंद ठेवली आहे. सोपं म्हणून सांगितलेलं जमलं नाही तर दोष जातो कुठे? आपल्याच डोक्यात. पामेला हाइंड्स या संशोधिकेने १९९९ साली मोबाइलच्या वापरावर प्रयोग करून दाखवलं की नवख्याला एखादं काम करायला किती वेळ लागेल, याचा अंदाज तज्ज्ञांचा फार चुकतो. ते वेळ कमीच धरतात. घरी मुलगा माझ्या हातातून फोन ओढून घेऊन ‘हे बघ, झालं’ म्हणतो, तेव्हा त्याला हे ऐकवते. तो ऐकतो आणि फोन पुन्हा ओढून घेतो.

आता याद्या मी एकटी जुळवते. नव्या प्रणालीचं काम आलं तेव्हा ‘मला द्या’ असं आपणहून म्हणाले, साहेब जरा चकितच झाले. लांबलचक यादीचा गोषवारा काढणारं ते पिव्होट टेबल मात्र मला अजिबात आवडत नाही. हे ‘न आवडणं’ पूर्वीच्याच जातीचं आहे की खरंच नावड आहे, ते तुझं तू ठरव. एखादा रविवार मोकळा असेल तर कळव.

तुझी,
शेजारच्या टेबलावरची मॅडम