वहिनी, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

प्रिय वहिनी,

फोनवर हा विषय काढला की तू "बरं बरं, जेवलीस का" म्हणून उडवून लावतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय, आता तुला वाचावंच लागेल.

दोन वर्षं माझं नुसतं हो-नाही चाललं होतं. लग्न करायचं नाही हे पक्कं, पण आई व्हायचंय हेही तितकंच पक्कं. डॉक्टरांनी सांगितलेलं की २०२१ च्या कायद्यानुसार एकट्या बाईला पन्नाशीच्या आत आयव्हीएफ करता येतं, सरोगसी मात्र फक्त विधवा किंवा घटस्फोटितांना, म्हणजे मला नाहीच. मन दत्तककडे ओढत होतं पण तिथेही वयाची अट, दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर एकट्या पालकाचं वय चाळीसच्या आत पाहिजे, आणि मी ३९ ची. मैत्रिणी म्हणायच्या कर गं बिनधास्त, आई रडायची, आणि मला रात्र रात्र झोप नाही.

तेव्हा तू साताऱ्याहून आलीस आणि कर किंवा नको करू यातलं काहीच बोलली नाहीस. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दाखवलंस आणि म्हणालीस, दुधाचा हिशोब लिहितेस ना, तसं महिनाभर रोज घरी किती वाजता पोचलीस ते लिही. मी लिहिलं. ८.१०, ७.५०, ९.२०. कामाचे बावीस दिवस आणि त्यातले चौदा दिवस साडेसातच्या पुढे. ते आकडे बघून मला रडूच फुटलं, वाटलं संपलं आता, आपल्याला जमणार नाही. तू फोनवर शांतपणे म्हणालीस, अगं मग हे चौदा कमी कसे करायचे ते बघ. त्या एका वाक्यावर मी बॉसशी बोलले, टीम बदलून घेतली, पगार थोडा कमी झाला पण आता साडेसहाला घरी असते.

आणि कारा, म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या वेबसाइटवरचा तो वयाचा तक्ता, मी पन्नास वेळा वाचलेला, पण पहिल्या ओळीच्या खाली कधी गेलेच नव्हते. तू बोट ठेवून दाखवलंस, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पंचेचाळीसपर्यंत चालतं. "तान्हंच कशाला पाहिजे, चालतं-बोलतं पोर येऊ दे की घरात." खरं सांगते, छातीवरचं ओझंच उतरलं. चाळिशीच्या भीतीने घाईत हो म्हणणार होते मी, ते तुझ्यामुळे टळलं.

आईलाही तूच समजावलंस. शाळेत बापाचं नाव काय लावणार हा तिचा एकच धोशा. तू शाळेच्या ऑफिसात रोज दाखले लिहितेस, तू सांगितलंस की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचं नाव आधी लागतं, आणि बापाचं नाव सांगायची अविवाहित आईला सक्ती नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच म्हणलंय. तुझ्या तोंडून ऐकल्यावर आई गप्प झाली, माझ्याकडून ऐकलं नसतं तिने.

शेवटी ते हमीपत्र. मला काही झालं तर मुलाला सांभाळू असं नातेवाइकाने लिहून द्यायचं असतं. दादा कागद हातात घेऊन बसूनच राहिला, मला त्याचा राग नाही, जबाबदारी मोठी आहे. तू भाजी निवडत होतीस, पदराला हात पुसलेस, दोनदा वाचलंस आणि त्याच्याआधी सही केलीस. त्या कागदाच्या कोपऱ्यावर मेथीचा हिरवा डाग पडलाय, मी तसाच स्कॅन करून अपलोड केला.

सोशल वर्कर मॅडम होम स्टडीला, म्हणजे घर आणि परिस्थिती बघायला, येऊन गेल्या, आता वाट बघायची, किती ते माहीत नाही. कॅलेंडरवर अजून लिहिते मी, काल ६.२५.

आणि हो, माळ्यावरची सोनूची छोटी सायकल भंगारात देऊ नकोस, दिवाळीला आले की मी घेऊन जाईन.

तुझीच,
नणंद