पावणेतीन व्होल्टांचे ऋण

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, ही अट तुम्हीच घातली होती आणि ती मी पाळतो आहे. मात्र गेल्या पावसाळ्यात तुमच्या म्हापशाच्या दुकानात माझ्या जुन्या गाडीच्या दिव्यांचे जे काम झाले, ते चारचौघांत सांगू नये असे काही तुम्ही म्हणाला नव्हता. म्हणून हे आभार खासगीत न मानता उघडपणे मानत आहे.

ज्यांना गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. माझ्या वडिलांची ही एमजीए १५०० सन १९५८ ची. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली आणि पोर्तुगीज अमदानीत पणजीला आलेली ही दोन आसनी गाडी. दाराला बाहेरून मूठ नाही, पायाखाली लाकडी फळ्या, आणि सेल्फ मारण्यासाठी किल्ली नव्हे तर डॅशबोर्डावरची एक खुंटी ओढायची. किल्ली फिरवली की मागच्या बाजूचा एसयू पेट्रोलपंप टकटक करू लागतो. तो थांबला की खुंटी ओढावी, हे वडिलांनी मला शिकवले होते. दिव्यांबद्दल मात्र त्यांनी काहीच शिकवले नव्हते, कारण त्यांच्या काळी ही गाडी रात्री फारशी बाहेर पडतच नसे.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दुसऱ्या रात्री डिचोलीहून अस्नोड्यामार्गे परतताना पाऊस कोसळत होता. वायपर एका फेरीला दम खात होता आणि हेडलाइट असे पिवळे पडले होते, की समोरच्या साकवाचा कठडा मला दहा हातांवर आल्यावर दिसला. पाठोपाठ डॅशबोर्डामागून जळक्या रबराचा वास आला. मी बॅटरीची तार उपसून गाडी तिथेच उभी केली आणि भाचा टेम्पो घेऊन येईपर्यंत पावसात छत्री धरून बसलो. त्याआधी ज्या गॅरेजात मी गाडी दाखवली होती (त्याचे नाव घेत नाही), तिथे फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली होती आणि ‘आता परत जाणार नाही’ असे हमीने सांगितले होते. फ्यूज खरेच परत गेला नाही. त्याच्याऐवजी वायर जळली.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझी मागणी सरळ होती: जास्त वॉटचे बल्ब घाला, नाहीतर एलईडी बसवा. तुम्ही दोन्हींना नकार दिलात. जुन्या दिव्याची परावर्तक वाटी आणि रेघांची काच ही तारेच्या ठरावीक जागेवरून निघणाऱ्या उजेडासाठी घडवलेली असते. त्यात एलईडीची पट्टी घातली, तर रस्त्यावर पडायचा उजेड चोर्ल्याच्या वळणावर समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाईल, असे तुम्ही म्हणालात. बल्ब बदलायचा प्रश्न तर नव्हताच. मूळचे चाळीसेक वॉटचे बल्ब काढून ५५ वॉटचे हॅलोजन कुणीतरी आधीच घातले होते, आणि त्यांच्यापर्यंत पुरता करंट पोहोचत नाही हीच खरी अडचण होती.

त्यानंतर तुम्ही जे दाखवलेत, त्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे. हेडलाइट लावून तुम्ही मीटर माझ्या हातात दिलात. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बच्या पिनांवर ९.७. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थवर (बॉडीला जोडलेल्या टोकावर) आणि दुसरे दिव्याच्या पितळी घराला टेकवायला सांगितलेत: १.१. म्हणजे जवळजवळ पावणेतीन व्होल्ट वाटेत गहाळ होत होते, आणि त्यांतले एक व्होल्टाहून थोडे अधिक एकट्या अर्थच्या गंजलेल्या बोल्टाखाली. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने त्या बोल्टाखाली हिरवट पीठ जमले होते, ते तुम्ही नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवलेत. उरलेले व्होल्ट डॅशबोर्डाच्या स्विचमध्ये आणि पायाने दाबायच्या डिपरमध्ये, जिथे पावसाळ्यात आपल्या चपलांचे पाणी सरळ ठिबकते. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो, हे तुम्ही त्या वेळी सांगितलेत. माझ्या दिव्यांचे तर २० टक्क्यांहून अधिक घटले होते. वर्षभर मी बल्बाला शिव्या घालत होतो.

पुढचे काम तुम्ही ज्या क्रमाने केलेत तो क्रम मला आजही पाठ आहे. आधी सगळे अर्थ चकचकीत पत्र्यापर्यंत घासून, थिंबल लावून, वर ग्रीसचा हात. मग दोन रिले (छोट्या करंटाने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), कारण जुन्या वाटेने दिव्यांचा नऊ-दहा अँपिअर करंट बॅटरीपासून स्विचपर्यंत, तिथून डिपरपर्यंत आणि मग पुन्हा पुढे नाकापर्यंत फिरत असे. आता तो जाड वायरीतून सरळ दिव्यांकडे जातो आणि स्विचकडे रिलेला जागे करण्यापुरता किरकोळ करंट उरतो. मूळ गाडीत हेडलाइटला फ्यूजच नव्हता. तुम्ही डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा दिलात, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर घरी पोहोचता यावे.

इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारा जुना डायनमो काढून आल्टरनेटर लावावा की नाही यावर आपला पुष्कळ वाद झाला, आणि तिथे तुमचे म्हणणे मला उशिरा पटले. १९ अँपिअरचा तो डायनमो म्हापशाच्या शुक्रवारच्या गर्दीत गाडी अडकली की काहीच देत नसे, आणि दिवे, वायपर, पंप व कॉइल सगळी बॅटरीतून खात असत. आल्टरनेटर इंजिन मंद फिरतानाही बॅटरी भरतो. पण त्याच्यासाठी गाडीची अर्थ बदलणे भाग होते. माझ्या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले होते. त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत तसाच प्रघात होता. तशीच जोडणी ठेवून आल्टरनेटर लावला असता, तर त्याचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात गेले असते. म्हणून तुम्ही बॅटरीची टोके फिरवलीत, कॉइलच्या दोन वायरी उलट जोडल्यात, पंपाच्या आत डायोड नाही ना हे आधी उघडून पाहिलेत, आणि आल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर ओढलीत, कारण जुनी तपकिरी वायर एवढा करंट सोसणार नाही. चार्जिंगचा छोटा तांबडा दिवा मात्र तोच ठेवलात. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टची एकच आली आणि सीटमागे हात पोहोचेल असा कट-ऑफ स्विच बसला. चवथीच्या रात्री तो असता, तर अंधारात चाचपडत पाना शोधावा लागला नसता.

ठिणगी पाडणारे जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावावे, असे माझे अजूनही मत आहे. तुमचे म्हणणे, पॉइंट बिघडले तर रस्त्याच्या कडेला बसून पत्री कागदाने घासता येतात. हा वाद आपण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवला आहे.

आणखी एक गोष्ट. सुती वेष्टणाच्या जुन्या वायरी ज्या ठिकाणी धड होत्या तिथे तुम्ही हात लावला नाहीत, आणि नव्या घातल्या त्याही मूळच्याच रंगांच्या: कायम करंट असलेली तपकिरी, किल्लीमागची पांढरी, फ्यूजमागची हिरवी, दिव्यांची निळी. काढलेला डायनमो आणि त्याचे चार्जिंग सांभाळणारा कटआउट तेलाच्या फडक्यात गुंडाळून परत दिलेत, का तर उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटली तर त्याची अडचण होऊ नये. कालनिर्णयाच्या पाठकोऱ्या पानावर काढलेला सगळ्या जोडणीचा नकाशा मी प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या कप्प्यात ठेवला आहे. आता इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १३.५ व्होल्ट येतात. दर महिन्याला मी स्वतः मोजतो आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो.

बिलात रिले, वायर, आल्टरनेटर, बॅटरी आणि हातकाम होते. मीटर घेऊन शोधण्यात गेलेले तीन दिवस त्यात नव्हते. मी विचारले तेव्हा ‘शोधण्याचे काय पैसे घ्यायचे’ असे म्हणून तुम्ही दुसऱ्या गाडीखाली शिरलात. ते पैसे तुम्ही घेणार नाही हे आता मला कळून चुकले आहे, म्हणून निदान एवढे स्वीकारावे: येत्या चवथीला गणपतीवर फळा-भाज्यांची माटोळी बांधून झाली की आमच्याकडे जेवायला यावे. न्यायला मीच येईन, याच गाडीतून, आणि मुद्दाम काळोख पडल्यावर.

आपला ऋणी,
पर्वरीचा एमजीएवाला