‘काय जातंय’ या रकान्याबद्दल, संज्याला

ठाणे, नौपाडा

संज्या,

आधी शिव्या घालून घे, गणपतीत फोन करतो म्हणालो आणि आता दिवाळीपण उरकली. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा तसाच, माझी शुगर बॉर्डरवर. एक गोष्ट झालीये जी तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून हे लांबण.

आमच्या रियाला मध्ये छातीत कफ होऊन अ‍ॅडमिट केलं होतं, ऑक्सिजन वगैरे, आता ठणठणीत आहे. पण पहिल्या रात्री मी खालून औषधं घेऊन वर आलो तर ग्लोरी बाकावर झोपलेली आणि तिची मम्मी, म्हणजे माझी सासू, कॉटपाशी उभी, हातात पाण्याची बाटली. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन रियाच्या कपाळावर तीनदा ओतलं, तोंडाने पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मग वळली, मला दारात बघितलं आणि इतकंच म्हणाली, “काय जातंय रे बाबा.” उशीखालून आमच्या आईने ठेवलेली अंगाऱ्याची पुडी बाहेर आली होती, ती पण तिनेच नीट आत सारली!

आमचं काय ठरलेलं ते तुला माहितीये. बारसं म्हणजे जेवणावळ, बाप्तिस्मा नाही, पोरगी मोठी झाली की तिचं ती बघेल. आता मी चौकशी केली तर कळलं की जीवाला धोका असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, फादर लागत नाही, साधं पाणी चालतं, आणि एकदा झाला की परत होत नाही, पुसताही येत नाही. चर्चमध्ये नंतर उरलेले विधी तेवढे करतात. म्हणजे त्यांच्या हिशेबाने माझी मुलगी कॅथलिक आहे आणि हे मम्मीला, मला आणि आता तुला माहितीये. ग्लोरीला नाही.

“काय जातंय” म्हणजे शुद्ध पास्कल रे, त्या फ्रेंच गणितज्ञाची पैज, देव मानून बघा, हरलात तरी जातंय काय. गडकरीच्या कट्ट्यावर तू चहाच्या बिलामागे चार चौकोन आखून दाखवले होतेस, देव आहे-नाही, मानला-नाही मानला, एका चौकोनात अनंत आणि बाकी सगळं किरकोळ. तेव्हा मी दिपलो होतो. पण मग दिदरो, तोही फ्रेंच तत्त्ववेत्ता, म्हणाला तसं, हेच तंतोतंत एखादा इमामपण म्हणू शकतो, आणि आमच्याकडे तर दोन आज्याच आहेत, एक कुलदेवीची आणि एक तलावपाळीच्या चर्चची, दोघींकडे आपापलं अनंत. अनंताला शक्यतेने गुणलं की अनंतच, शक्यता अर्धी असो नाहीतर दशांशचिन्हानंतर पन्नास शून्यं असोत, मग निवडायचं कशावर? नाणं उडवून छापा आला तरच देव मानीन म्हटलं तरी अपेक्षित फायदा अनंतच येतो. तलावपाळीला भेळ खात बसलो तरी अनंत, कारण खाता खाता कोपिनेश्वराची घंटा ऐकून मन पालटायची शक्यता काही शून्य नाही. तू असतास तर म्हणाला असतास की भेळवाल्याला सांग, दर वाढवेल.

त्यात मम्मी ज्या चौकोनाला घाबरते, बाप्तिस्मा न झालेलं बाळ लिंबोत, म्हणजे स्वर्गाबाहेर ताटकळत, अडकतं, त्याबद्दल व्हॅटिकनच्याच धर्मपंडितांच्या आयोगाने 2007 मध्ये लिहिलंय की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे. पण हे मी तिला तेव्हा सांगायचं होतं? मॉनिटर टुंगटुंग वाजत असताना?

मला खरा घोळ ‘काय जातंय’च्या रकान्यात वाटतो. तिथे सगळे डोळे झाकून शून्य लिहितात. इथे मला तुझे आजोबा आठवले आणि आपलं ते भांडण, ज्यापायी तू माझ्या साखरपुड्याला आला नाहीस. मी म्हणालो होतो दीक्षा हापण हिशेबच होता, आणि मी अजूनही तेच म्हणतो, चिडू नकोस, पूर्ण ऐक. 1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केलं आणि नागपूर झालं 1956 ला, 21 वर्षं माणूस धर्म तपासत होता. पण त्या हिशेबात सोडायचं काय ते आधी लिहिलंय, पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही. तुझ्या आजोबांनी देव्हारा रिकामा केला तो फुकटात केला नाही. (तेव्हा तू माझ्या तोंडावर बुद्धाचं अपण्णक सुत्त फेकलं होतंस, परलोक असला तर दोन्हीकडे फायदा, नसला तरी इथे माणूस नीट जगला, अनंत लागतच नाही. ते मला आता जास्त पटतं, पण तुझा टोन घाणेरडा होता.)

ग्लोरीचंपण तेच. तिने चर्च सोडलं ते कंटाळून नाही, खोटं वचन द्यायला तिथे उभी राहणार नाही म्हणून. तिला सांगितलं तर मायलेकी तुटतात. नाही सांगितलं तर... काय जातंय? बघ, मीपण तेच म्हणायला लागलो.

आणि “मम्मी, नको” एवढं मी दारातून बोलू शकलो असतो. नाही बोललो, आणि ती भीड नव्हती. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या घरात होता आणि मला त्या मिनिटाला कुणाचाही देव चालला असता. पास्कलसुद्धा चौकोनांवरून थोडाच श्रद्धाळू झाला होता, 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री त्याला काहीतरी जाणवलं, त्याने कागदावर अब्राहामचा देव, तत्त्ववेत्त्यांचा नव्हे असं लिहून तो कागद कोटाच्या अस्तरात शिवला, आणि मेल्यावर सापडला. मला काही जाणवलं नाही, नुसती फाटली होती. पण त्याचं दुसरं म्हणणं आहे ना, तीर्थ घ्या, प्रार्थनेला जा, विश्वास मागाहून येईल, त्याची मला जास्त धास्ती वाटते. कारण हल्ली ऑफिसला निघताना मी ती अंगाऱ्याची पुडी पाळण्यात जागेवर आहे ना ते बघतो.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? काकूंच्या मोतीबिंदूचं काय झालं? स्नेहाला सांग तिचं पुस्तक माझ्याकडेच आहे.

तू ग्लोरीला माझ्याआधीपासून ओळखतोस, तर तत्त्वज्ञान न झाडता सांग, सांगू की नको, आणि सांगायचं तर मम्मीला आधी विचारू का? फोन करू नकोस, माझा फोन ग्लोरीच उचलते. ऑफिसच्या मेलवर लिही.

तुझा,
पक्या